मोठा हिंसाचार, आपत्ती आणि आपलं छोटं रुग्णालय : कोकणातल्या परिचारिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामांसाठी हे पान आहे. प्रशिक्षणानंतर चहाच्या वेळी, किंवा नंतर फोन करून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधांचे डोस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशानेच द्यायचे. पण आदेश मागताना काय मागायचं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, म्हणून ते लिहिले आहेत.

कोकण तर शांत आहे. दंगल, गोळीबार, बॉम्बस्फोट यांची तयारी आम्ही कशाला करायची?

मुंबईतल्या १२ मार्च १९९३च्या स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यासाठीची स्फोटकं रायगडच्या दिघी-शेखाडी किनाऱ्यावर उतरली होती. २००८चे हल्लेखोरही समुद्रातूनच आले. किनारा शांत असतो म्हणूनच तो निवडला जातो.

हिंसाचार बाजूला ठेवला तरी, एकाच वेळी शेकड्याने जखमी किंवा बेघर होण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. २ ऑगस्ट २०१६ला सावित्रीवरचा पूल दोन एसटींसह गेला. २८ जुलै २०१८ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला. २ जुलै २०१९ला तिवरे धरण फुटलं. २२ जुलै २०२१ला तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. बॉम्ब असो की दरड, तुमच्या दारात पहिला टेम्पो थांबतो तेव्हा करायचं काम बरंचसं सारखंच असतं. एकाची तयारी दुसऱ्यालाही उपयोगी पडते. फरक कुठे पडतो ते पुढे येईल.

किती जखमी आले की ‘मास कॅज्युअल्टी’ म्हणायचं?

आकडा नाही. आलेल्या रुग्णांना त्या क्षणी हाताशी असलेले हात, खाटा आणि ऑक्सिजन पुरत नाहीत, की म्हणायचं. जिल्हा रुग्णालयात सकाळी अकरा वाजता आठ जखमी आले तर धावपळ होईल, पण निभावेल. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता चार गंभीर आले, तर तीच मास कॅज्युअल्टी.

खरा प्रश्न वेगळाच असतो: जाहीर कोणी करायचं? बहुतेक आराखड्यांत हा अधिकार अधीक्षकांकडे असतो, आणि अधीक्षक रात्री दोन वाजता तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असतात. माझा आग्रह आहे की ड्युटीवरच्या सिस्टरला हा अधिकार लेखी द्यावा. अधीक्षकांच्या सहीचं एक पान अपघात विभागातल्या भिंतीवर हवं. चुकून जाहीर झालं तर काही माणसांची झोप मोडेल, एवढंच. उशिरा जाहीर झालं तर जीव जातात.

रात्रपाळीला मी एकटी, सोबत एक मावशी. फोन आला की बरेच जखमी येताहेत. पहिल्या पंधरा मिनिटांत काय करू?

आधी फोन ठेवू नका. कोण बोलतंय, कुठे घडलं, काय घडलं, अंदाजे किती माणसं, लहान मुलं आहेत का, कसला वास किंवा धूर आहे का, कोणता रस्ता उघडा आहे, अजून गोळीबार किंवा दगडफेक चालू आहे का, हे विचारा. केसपेपरच्या पाठीवर लिहा, वेळ टाका. बोलणारा घाबरलेला असतो. ‘लोकं मेली’ एवढंच म्हणत राहील. त्याचा नंबर घ्या आणि दोन मिनिटांनी परत लावा.

मग ड्युटी डॉक्टर. मग एकच फोन इन्चार्ज सिस्टरला, आणि पुढची साखळी तिने चालवायची. प्रत्येकाने दोघांना फोन करायचा, असं आधीच ठरलेलं असलं तर तुम्ही फोनपासून मोकळ्या होता. रुग्णालयाजवळ राहणाऱ्यांची नावं यादीत सगळ्यात वर हवीत, पद कोणतंही असो. नाक्यावर राहणारा सफाई कामगार पाच मिनिटांत पोचतो. चाळीस किलोमीटरवरचे सर्जन तासाने.

तोवर मावशी अपघात विभाग रिकामा करते. सलाईन लावून पडलेला तापाचा रुग्ण चालू शकत असेल तर वॉर्डात. बाकं भिंतीला. दार एकच उघडं ठेवायचं, बाकीच्यांना कडी. दारात दोन स्ट्रेचर, त्यांवर चादरी. चादर महत्त्वाची, कारण आपल्याकडे रुग्ण चादरीतूनच उचलावा लागतो.

तुम्ही स्वतः चार गोष्टींना हात लावून बघा: ऑक्सिजन उघडून, सक्शन चालवून, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबून, टॉर्च पेटवून. ‘आहे’ असं रजिस्टरात लिहिलेलं असतं. चालतंय का, ते हातालाच कळतं.

वॉर्डातल्या कोणाला आज रात्री घरी किंवा बाहेरच्या व्हरांड्यात हलवता येईल, याची यादीही याच वेळी मनात करा. उद्या सकाळी डिस्चार्ज होणारे, ड्रेसिंगसाठी थांबलेले, शिबिरातले. निर्णय डॉक्टरांचा, पण यादी सिस्टरच्या डोक्यात तयार असते.

ट्रायज म्हणजे नक्की काय करायचं? आणि ते सिस्टरने केलं तर चालतं का?

ट्रायज म्हणजे कोणाला आधी उपचार हवेत, त्यानुसार जखमींना रंग देऊन वर्गवारी करणं: लाल तातडीचे, पिवळे थोडं थांबू शकणारे, हिरवे किरकोळ, काळे गेलेले किंवा वाचण्यापलीकडचे. सिस्टरने केलं तर चालतं. आमच्या मते अनुभवी सिस्टरनेच करावं. डॉक्टर एक-दोनच असतील तर त्यांचे हात लाल रुग्णांवर हवेत. दारात उभं राहून वर्गवारी करण्यात ते अडकले की आतली माणसं थांबतात.

सर्वांत सोपी पद्धत ‘स्टार्ट’. एका रुग्णाला मिनिटापेक्षा कमी वेळ. आधी मोठ्याने सांगायचं: ज्यांना चालता येतं त्यांनी त्या झाडाखाली जा. गेले ते हिरवे. उरलेल्यांत श्वास बघा. नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करा. आला तर लाल, नाहीच आला तर काळा. श्वास मिनिटाला ३०पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर लाल. ‘माझा हात दाब’ म्हटलेलं कळत नसेल तर लाल. हे सगळं ठीक, पण चालता येत नाही, तो पिवळा. लहान मुलात एक फरक आहे. श्वास नाही पण नाडी आहे, तर काळा ठरवण्याआधी पाच श्वास देऊन बघायचे, कारण मुलाचं हृदय बहुधा श्वास थांबल्यामुळेच थांबायला लागतं.

यात तीन ठिकाणी माणसं फसतात.

सर्वांत आधी पोचतात ते सर्वांत कमी जखमी. रिक्षा पकडून, मित्राच्या मोटरसायकलवर येतात. अर्ध्या तासात अपघात विभाग हिरव्या रुग्णांनी भरतो, आणि ढिगाऱ्याखालून काढलेले, खाडीपलीकडून होडीने आणलेले लाल रुग्ण पोचतात तेव्हा खाट नसते. म्हणून हिरव्यांची जागा पहिल्यापासून इमारतीबाहेर: शेड, शाळा, मंदिराचा मंडप. तिथे एक एएनएम (सहायक परिचारिका) किंवा नर्सिंगची विद्यार्थिनी, पाणी आणि ड्रेसिंगचा ट्रे.

दुसरं, रंग बदलतो. तासापूर्वीचा पिवळा आता लाल असू शकतो. वॉर्डात नेल्यावर पुन्हा, ऑपरेशन थिएटरला नेण्याआधी पुन्हा, आणि मध्ये थांबावं लागलं तर दर पंधरा मिनिटांनी बघा. सगळ्यात जास्त ओरडणारा सगळ्यात गंभीर नसतो. कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे आधी जा.

तिसरं, काळा रंग. याबद्दल मला रात्री उशिरा फोन येतात. श्वास चालू असूनही वाचणं शक्य नाही म्हणून काळा ठरवलेल्या माणसाला मागे ठेवून पुढच्याकडे जाताना हात थरथरतो, आणि ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सोबत राहते. दोन गोष्टी सांगते. त्या माणसाला एकटं ठेवू नका. मावशीला, स्वयंसेवकाला त्याचा हात धरून बसवा, वेदना कमी करणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या. आणि लाल रुग्णांचा भर ओसरला की त्याच्याकडे परत या. निर्णय त्या क्षणीच्या साधनांवर घेतलेला असतो. साधनं वाढली की तोही पुन्हा घ्यायचा.

जखमींना लावायचे रंगीत टॅग नाहीत आमच्याकडे.

पांढरी चिकटपट्टी कपाळावर, मार्करने रंगाचं नाव आणि वेळ. पावसात शाई जाते, म्हणून पक्क्या शाईचा मार्कर. झालं.

रक्त थांबत नाही. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा घट्ट पट्टा, बांधावा की नाही? आम्हाला तर बांधू नका असं शिकवलं होतं.

जुन्या पुस्तकांत तसं होतं, आता बदललं आहे. हातापायातून जोरात रक्त वाहत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर बांधा. जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट. बांधल्याची वेळ त्वचेवर लिहा आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर मध्येमध्ये सैल करू नका. सैल करण्याच्या सवयीनेच रक्त जातं. रुंद पट्टी हवी. सुतळी किंवा वायर नको.

काखेत, जांघेत, मानेत पट्टी बांधता येत नाही. तिथे गॉज जखमेत खोलवर भरून दोन्ही हातांनी दाबून धरायचं. हाताखाली माणूस देऊन त्याला एवढंच काम द्या.

डॉक्टरांना ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची, म्हणजे रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची, आठवण करून द्या. १ ग्रॅम, १० मिनिटांत हळूहळू शिरेतून, आणि जखम झाल्यापासून ३ तासांच्या आत. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात याने मृत्यू कमी झाले. तीन तासांनंतर मात्र फायदा उरत नाही, अपाय होऊ शकतो. म्हणूनच हे औषध जिल्ह्याच्या स्टोअरमध्ये पडून उपयोग नाही. घाट चढून कोल्हापूरला पोचेपर्यंत तीन तास केव्हाच उलटतात. ते तुमच्या ट्रॉलीवर हवं.

आणि गरम ठेवा. भिजलेला, रक्त गेलेला माणूस पावसाळी रात्री पटकन गार पडतो, गार पडला की रक्त गोठत नाही. ओले कपडे काढा, कोरडी चादर घाला, पंखा बंद करा.

स्फोटातला किंवा गोळी लागलेला रुग्ण आम्ही कधी पाहिलेलाच नाही.

स्फोटातला माणूस बाहेरून धड दिसू शकतो. दाबाच्या लाटेने कान, फुप्फुसं, आतडी आतून फाटतात. कानातून रक्त, ऐकू न येणं, धाप, थुंकीत रक्त, पोटात वाढत जाणारं दुखणं यांवर लक्ष ठेवा. धड दिसणाऱ्यालाही काही तास सोडू नका. बंद जागेत, म्हणजे बस, बोगी, खोलीत असलेल्यांना धोका जास्त. शरीरात घुसलेली सळई, काच ओढून काढू नका. भोवती गॉज लावून तिथेच स्थिर करा.

गोळीच्या रुग्णात पुढून-मागून दोन्ही बाजू बघा, काख आणि मांड्यांमधली जागाही. कपडे कापताना गोळीच्या भोकातून कात्री नेऊ नका. कपडे कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओलाव्याने पुरावा कुजतो.

पोलीस जबाबासाठी थांबलेत. आधी जबाब की आधी उपचार?

आधी उपचार. सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केलं: जीव वाचवणं पहिलं, कायदेशीर सोपस्कार नंतर. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर केसची) नोंद करायचीच, ती टाळायची नाही; पण त्यासाठी रुग्ण दारात थांबत नाही. खासगी दवाखान्यालाही ‘पोलीस केस आहे, सरकारी रुग्णालयात न्या’ असं म्हणून तातडीचा उपचार नाकारता येत नाही. आणि अपघातग्रस्ताला घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्याला नाव सांगण्याची सक्ती करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने त्याला संरक्षण दिलं आहे, आणि आपण त्याला तासभर अडकवलं तर पुढच्या वेळी तो थांबणार नाही.

दंगलीत दोन्ही गटांचे जखमी एकाच वॉर्डात आले तर?

येतातच. रुग्णालय एकच असतं.

खाटेचा क्रम रंगावर ठरतो. हे सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात सांगा, आणि तसंच वागा, कारण त्या रात्री प्रत्येक नातेवाईक तुमच्याकडे संशयाने बघत असतो. जखमेची गंभीरता सारखी असेल तर आधी आलेला आधी. केसपेपरवर कोण कोणत्या गटाचा, कोणी दगड मारला, असलं काही लिहू नका. रुग्ण जे सांगतो ते ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ म्हणून जखमेपुरतं लिहा. शक्य असेल तर दोन बाजूंच्या नातेवाइकांसाठी बसायच्या जागा वेगळ्या ठेवा, रुग्णांच्या खाटा वेगळ्या करण्याचा आग्रह मात्र धरू नका. त्यात देखरेख तुटते.

अवघड भाग स्टाफचा. सिस्टरही कुठल्यातरी वाडीतली, मोहल्ल्यातली असते. तिचा भाऊ त्याच रस्त्यावर असू शकतो. तिला त्या रुग्णापुढे उभं करण्याआधी इन्चार्जने बाजूला घेऊन विचारावं, ‘जमेल ना ग? नाहीतर औषधं काढून दे.’ यात लाज नाही. आणि स्टाफमधल्या कुणाला आडनावावरून कोणी बोललं, मग तो डॉक्टर असो वा पुढारी, तर इन्चार्जने तिथल्या तिथे मध्ये पडायचं.

युद्धासाठी १९४९चे जिनिव्हा करार आहेत. जखमींची बाजू न बघता शुश्रूषा करायची आणि रुग्णालयांवर हल्ला करायचा नाही, हे त्यांत आहे. भारत त्यांना बांधील आहे, १९६०चा कायदाही आहे. गावातल्या दंगलीला ते करार लागू होत नाहीत. तिथे आपला परिचर्येचा धर्म आणि देशाचा कायदा पुरेसा आहे.

जमाव आत घुसला तर? शस्त्रधारी आला तर?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जमाव बहुधा माहिती न मिळाल्याने चिडतो. म्हणून नातेवाइकांसाठी एक खोली आणि एक माणूस ठरवा, ज्याने दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन बोलायचं, नवीन काही नसलं तरी. गावातले पोलीस पाटील, सरपंच, मशिदीचे किंवा देवस्थानाचे जाणते यांना आधीपासून ओळखून ठेवा; त्या रात्री ते तुमच्यापेक्षा जास्त काम करतात. हल्ला झालाच, तर महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तक्रार संस्थेने द्यावी. एकट्या सिस्टरवर ती टाकू नये.

शस्त्रधारी आत आला तर बोलणी करायला जायचं नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कामा रुग्णालयात दोन दहशतवादी शिरले तेव्हा प्रसूतिपूर्व वॉर्डात अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. त्यांनी दारं बंद केली, दिवे घालवले आणि वीस गरोदर बायकांना वॉर्डाच्या छोट्या पॅन्ट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तिला त्यांनी प्रसूतिकक्षात नेलं. वीसही जणी वाचल्या. डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्यांनी ही हकीगत सांगितली. त्यांनी केलं ते कुठल्याही वॉर्डात करता येतं, पण आधी ठाऊक हवं: आपल्या वॉर्डाचं दार आतून लागतं का? खिडकीपासून दूर, भिंतीआड अशी खोली कोणती? दिव्यांची बटणं कुठे? उद्या ड्युटीवर गेलात की एवढं बघून या. मोबाईल सायलेंटवर, लोखंडी कपाटं दाराला, आणि पोलिसांनी स्वतः येऊन सांगेपर्यंत दार उघडायचं नाही.

घाट बंद, पुलावर पाणी, वीज गेली. किती वेळ एकट्याने तग धरायचा?

निदान एक दिवस-रात्र, असं धरून तयारी करा. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा महामार्ग बंद, रेल्वे बंद, फोन बंद. वीज गेली आणि एका कोविड रुग्णालयातले कृत्रिम श्वासावरचे रुग्ण दगावले. कोकणातल्या प्रत्येक रुग्णालयाने त्या दिवसातून शिकायला हवं होतं. अजूनही अनेक ठिकाणी जनरेटर तळमजल्यावर, ऑक्सिजनची खोली त्याच्या शेजारी आणि औषधांचं स्टोअर तळघरात दिसतं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण ते बदलायला निधीपेक्षा आग्रह जास्त लागतो.

ऑक्सिजनचा हिशोब प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ हवा. भरलेल्या जम्बो सिलेंडरमध्ये साधारण ७००० लिटर. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागले तर ७०० मिनिटं, म्हणजे साडेअकरा तासांच्या आसपास. लहान बी टाइपमध्ये सुमारे १५०० लिटर, म्हणजे अडीच तास. सहा रुग्ण त्याच गतीवर असतील तर जम्बो दोन तासही पुरत नाही. म्हणून वीज गेली की पहिलं काम: प्रत्येकाचं प्रमाण बघून जेवढं लागतं तेवढ्यावरच आणणं. सिलेंडरची चावी साखळीने तिथेच बांधलेली हवी.

व्हेंटिलेटर बंद पडला तर अंबू बॅग, मोठ्या माणसाला दर ५ ते ६ सेकंदांनी एकदा. एक माणूस दहा-पंधरा मिनिटांत दमतो आणि नकळत वेग वाढतो. पाळ्या लावा, नातेवाईकही शिकवल्यावर नीट करतात, शेजारी एकजण मोजायला बसवा.

रुग्ण पुढे कुठे पाठवायचा, याचे दोन तरी मार्ग हवेत. सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय, चिपळूणकडून डेरवणचं रुग्णालय किंवा कुंभार्ली चढून कराड, अलिबागेतून पनवेल-मुंबई. पावसात यातला एक बंद असतोच. होडी हाही मार्ग आहे, पण भरती-ओहोटीचं कोष्टक भिंतीवर हवं आणि दर्याला उधाण असताना तांडेल (होडीचा प्रमुख) नको म्हणाला तर त्याचं ऐकायचं. फोन मेले तर पोलीस ठाण्याचा वायरलेस.

एमआयडीसीतून गॅस किंवा रसायनाचे रुग्ण आले तर?

लोटे, महाड, रोहा, तारापूर, सगळीकडे हा प्रश्न खरा आहे. रुग्ण थेट आत घेऊ नका. बाहेर, वारा इमारतीकडे येणार नाही अशा बाजूला, कपडे उतरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. कपडे काढल्यानेच बहुतांश रसायन निघून जातं. बायकांसाठी आडोसा आधीच तयार ठेवा, नाहीतर त्या कपडे काढणार नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. धुणाऱ्यांनी हातमोजे, मास्क, गाऊन घातलेला हवा. कारखान्याकडून रसायनाचं नाव लेखी मागा. कोणत्या कारखान्यात काय साठवलं आहे याची यादी आजच घेऊन ठेवा.

हिंसाचारात किंवा छावणीत लैंगिक अत्याचार झालेली बाई आली तर?

गर्दीत तिला ट्रायजच्या रांगेत उभं करू नका. आड जागा, सोबत एक बाई, पाणी. तिने पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी उपचार द्यायचे, तेही मोफत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सरकारी-खासगी सगळ्यांना ते बंधनकारक करतं. तपासणी तिच्या संमतीने, टप्प्याटप्प्याने विचारून. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणं, करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, पुढे २८ दिवस. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली. ही औषधं पुराच्या, दंगलीच्या किटमध्ये असलीच पाहिजेत. वय १८च्या आत असेल तर पोक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. तेही मुलीला आणि तिच्यासोबतच्या मोठ्या माणसाला आधी समजावून सांगा.

शाळेत छावणी उघडली. आमची ड्युटी तिथे लागली. कुठून सुरुवात करू?

पाणी आणि संडास. मानवतावादी मदतीच्या प्रचलित मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, आणि झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. बायकांचे संडास वेगळे, आतून कडी, रात्री दिवा. यातलं काही पुरत नसेल तर तलाठी-तहसीलदारांना आकड्यानिशी लेखी कळवा.

मग आशाताईला घेऊन यादी: गरोदर, बाळंतीण, तान्ही बाळं, बीपी-शुगरच्या, टीबीच्या, फिट्सच्या गोळ्या चालू असलेले. पळताना गोळ्या घरीच राहतात. टीबीची गोळी चुकायला नको, इन्सुलिन तर नाहीच. गोवराची लस राहिलेली मुलं शोधा. गर्दीत गोवर झपाट्याने पसरतो.

पुरानंतर आपल्याकडे लेप्टो येतोच. चिखलात उतरलेल्यांना डॉक्टरांच्या आदेशाने डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालच्या मुलांना नाही. पाण्याने बिळं भरली की साप घरात शिरतात, तेव्हा सर्पदंशावरचं प्रतिविष किती शिल्लक आहे तेही बघा.

मृतदेह बरेच आले तर साथ पसरते का?

अपघातात, पुरात, हिंसेत गेलेल्यांच्या देहांमुळे सहसा साथ येत नाही. तेव्हा घाईने एकत्र अंत्यसंस्कार करायला लावू नका. प्रत्येकाला नंबर, चेहऱ्याचा फोटो, अंगावरचे दागिने-कपडे-खुणा लिहून त्याच नंबरच्या पिशवीत. मंगळसूत्र काढलं तर पंचांसमक्ष नोंद. ओळख पटवायला नातेवाइकांना सगळ्या देहांमधून फिरवू नका. आधी फोटो दाखवा, मग एकच देह.

मला परदेशात, युद्धग्रस्त भागात काम करायचं आहे.

जा. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ परिचारिका घेतात. अनुभव, इंग्रजी आणि इमर्जन्सी किंवा थिएटरचं कौशल्य बघतात. धोका समजून जा. ३ ऑक्टोबर २०१५ला अफगाणिस्तानातल्या कुंदुझमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर अमेरिकन हवाई हल्ला झाला, ४२ जण गेले. त्यानंतर मे २०१६मध्ये सुरक्षा परिषदेने आरोग्यसेवेच्या संरक्षणाचा २२८६ क्रमांकाचा ठराव केला, तरी हल्ले थांबलेले नाहीत. घरच्यांना हे खरंखरं सांगून निघा.

सगळं संपल्यावर झोप लागत नाही. हे दुबळेपण आहे का?

नाही. पहिले काही आठवडे झोप उडणं, तोच आवाज कानात येणं, उगाच रडू येणं स्वाभाविक आहे. इन्चार्जने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोलात बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ अशी सक्ती करू नये. त्याने फायदा होत नाही. ज्याला बोलायचं त्याचं ऐका, बाकीच्यांना जेवण, सुट्टी आणि घरी सोडायला गाडी द्या. महिन्यानंतरही त्रास असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर लगेच, १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मावशी आणि मामांनाही हे सांगा. रक्त पुसलेलं असतं त्यांनी, आणि त्यांना कोणी विचारत नाही.

ज्या सिस्टरचं स्वतःचं घर पाण्यात आहे तिला ड्युटीवर धरून ठेवताना तिच्या पोरांची खबर आणून देणं हे प्रशासनाचं काम आहे. खबर नसली की तिचे हात चालत नाहीत.

मॉक ड्रिल कधी घ्यावं?

मे संपायच्या आत एकदा, आणि गणपतीला चाकरमानी यायच्या आधी एकदा. त्यातलं एक तरी रात्रपाळीत. अधीक्षक, पाहुणे, फोटो नकोत. मेन स्विच अर्धा तास बंद करा आणि ड्युटीवर असलेल्यांनाच चालवू द्या. जनरेटर कोणाला सुरू करता येतो, थिएटरची किल्ली कोणाच्या घरी असते, लिफ्टविना स्ट्रेचर जिन्यात वळतं का, हे त्या अर्ध्या तासात कळतं. दुसऱ्या दिवशी लिहून काढा आणि निदान एक गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करा.

कोणते नंबर भिंतीवर हवेत?

रुग्णवाहिका १०८. पोलीस आणि सर्व तातडी ११२. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. समुद्रात बचावासाठी तटरक्षक दल १५५४. त्याखाली हाताने लिहिलेले: रक्तपेढी, जवळचा डिझेल पंप, ऑक्सिजन पुरवठादार, जेसीबीवाला, होडीवाला, आणि वीज कंपनीच्या वायरमनचा खासगी मोबाईल. कागद लॅमिनेट करा, एक प्रत पहिल्या मजल्यावर लावा.